घुस्या

शेखर उमाळे खेळात नेहमी सगळ्यांच्या आधी मरायचा, आणि त्याला त्याचा अभिमान होता.

जळगाव जामोदला बऱ्हाणपूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्याचं मोटार वाइंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी लोक पिकअपमध्ये घालून आणतात. शेखर त्या उघडतो, करपून काळी पडलेली तार काढतो आणि नवी भरतो. मांडी घालून, मान खाली घालून करायचं काम. हाच माणूस मोबाईलवर गोळीबाराचा खेळ खेळताना दुसराच कोणी होतो, हे त्याच्या गिऱ्हाइकांना सांगून पटलं नसतं.

खेळ चौघांविरुद्ध चौघांचा. एक टोळी इमारतीत दबा धरून बसते, दुसरीनं ती इमारत घ्यायची. फेरी सुरू व्हायच्या आधी ज्यानं त्यानं आपलं सामान निवडायचं: बंदूक कोणती, चिलखत किती जाड, सोबत धुराचे गोळे की डोळे दिपवणारे. अंगावर ओझं वाढलं की चाल मंदावते. शेखरचा लहानपणापासूनचा मित्र रवी पिकअप चालवायचा. तो खेळात सगळ्यात जाड चिलखत घालायचा आणि लांब नळीची रायफल घेऊन मागे राहायचा. शेखर चिलखत काढूनच टाकायचा. आखूड शॉटगन, दोन दिपवणारे गोळे, म्हणजे खेळणाऱ्यांच्या भाषेत फ्लॅश, आणि पाय मोकळे. दार दिसलं की पहिला फ्लॅश आत. आतल्यांच्या डोळ्यांपुढे पांढरं होतं, तेवढ्यात हा घुसलेला. भिंतीला चिकटून हळूच डोकावणं त्याला ठाऊक नव्हतं. नेम धरून बसलेला माणूस दाराच्या कडेवर नजर ठेवतो, म्हणून शेखर रुंद वळण घेऊन एकदम मधोमध उगवायचा. एखाद्याला पाडायचा, कधी दोघांना, आणि मग स्वतः पडायचा. तो कुठल्या गोळीनं पडला यावरून मारणारा कुठं लपलाय ते मागच्यांना कळायचं, आणि ते त्याला टिपायचे.

"मी पडलो का तुमाले पत्ता लागते," तो म्हणायचा. "मंग माहं काम झालं."

रवीनं त्याचं नाव घुस्या ठेवलं. हळूहळू तालुक्यात खेळणारी सगळी पोरं त्याला त्याच नावानं ओळखू लागली.

अनुपमा त्याला या खेळातच भेटली. ती देऊळगाव राजाची, शाळामास्तरांची मुलगी, घरी गणिताच्या शिकवण्या घ्यायची. एकदा खेळात अनोळखी म्हणून ती त्यांच्या टोळीत आली आणि राहिली. ती बोलायची कमी. "डावीकडं पायऱ्या. वर एकजण. थांब." बाकीचे तिचं ऐकायचे. शेखर 'थांब' सोडून सगळं ऐकायचा. काही महिन्यांनी तिनं तो शब्द वापरणं सोडलं. शेखर जाणारच, हे धरून ती उरलेल्यांची मांडणी करू लागली. त्या मांडणीवर ते जिंकत गेले.

आधी कित्येक महिने ते नुसत्या आवाजानं एकमेकांना ओळखत होते. मग भेटले, मग दोन्ही घरच्यांना सांगितलं, आणि बालाजीच्या देवळाशेजारच्या कार्यालयात लग्न झालं. सासूबाई, सत्यभामाबाई, समोर असल्या की अनुपमा नवऱ्याला 'अहो' म्हणायची. कानात हेडफोन गेला की 'तू'.

लग्नाच्या दुसऱ्या वर्षी खामगावला एका मंगल कार्यालयात मोठे सामने झाले. उपांत्य फेरीत समोरच्यांनी शेखरचा अभ्यास करून ठेवला होता. त्यांनी दारात माणूसच ठेवला नाही. शेखरचा फ्लॅश रिकाम्या खोलीत फुटला. तो आत गेला, कोणी नाही. पुढच्या खोलीत गेला, कोणी नाही. त्याला आत आत येऊ दिलं आणि टोळीपासून पार तुटल्यावर मागून मारलं. ते हरले.

परतीच्या एसटीत तो म्हणाला, "फुकट गेलो आज. मले मारलं थे तुमाले दिसलंबी नाही."

हरल्याचं त्याला वाईट वाटत नव्हतं. आपलं मरण कोणाच्या कामी आलं नाही, याचं वाटत होतं. अनुपमानं त्याच्याकडे पाहिलं. तो गंमत करत नव्हता. खिडकीबाहेर उन्हात मोकळी पडलेली कपाशीची रानं जात होती. हा खेळ आता पुरे, असं तिला पहिल्यांदा वाटलं. पण ती ते बोलली नाही. बोलून काय सांगायचं हेच तिला नीट उमगलं नव्हतं.

त्या वर्षी उन्हाळा लवकर चढला. सातपुड्यातले पाणवठे मार्चअखेरच आटले. आधी रानडुकरं खाली आली, मग सायाळी. पहाटे मोहफुलं वेचायला गेलेल्या एका माणसाला डोंगरापलीकडे अस्वलानं फाडल्याची बातमी आली. लोक दोन दिवस त्यावर बोलले. मग कुत्री संध्याकाळची डोंगराकडे तोंड करून भुंकू लागली, आणि लोकांना त्याचीही सवय झाली.

शेखरच्या दुकानापासून हाकेच्या अंतरावर कापसाची एक बंद पडलेली जिनिंग आहे. तिथं पूर्वी दिवाणजी असलेले नारायणराव अजून राखण करायचे. म्हातारा एकटा माणूस, छातीचं दुखणं असलेला. शेखर त्यांना रोज सकाळी चहा पाठवायचा. जिनिंगच्या आवारात सिमेंटचा हौद होता, आणि नारायणराव गुराढोरांसाठी तो भरून ठेवायचे.

एप्रिलातल्या एका सकाळी अस्वल त्या हौदावर आलं. कुत्र्यांनी त्याला घेरलं. कुत्र्यांच्या आवाजानं रस्त्यावरची माणसं थांबली, माणसं पाहून मोटारसायकली थांबल्या, आणि बघता बघता फाटकापुढे जत्रा भरली. प्रत्येकाच्या हातात मोबाईल वर धरलेला. परत जायची वाट माणसांनी बुजली तेव्हा अस्वल वळलं आणि समोरच्या सरकीच्या गोदामात शिरलं.

नारायणराव आतच होते. त्यांनी वजनकाट्याच्या खोलीचं पत्र्याचं दार लावून घेतलं आणि शेखरला फोन केला. "मी खोलीत हावो," ते दम खात म्हणाले. "थे बाहीर फिरून राह्यलं. लय गरम होऊन राह्यलं रे शेखर."

शेखरनं वनरक्षक इंद्रभानला फोन लावला. खात्याची गाडी आणि माणसं त्या सकाळी डोंगराच्या दुसऱ्या टोकाला वणवा विझवत होती. इंद्रभान म्हणाला, निघतो, पण यायला दुपार होईल. तोवर गर्दी हटवा, मोठं दार मोकळं ठेवा, ते आपसूक निघून जाईल. शेखर फाटकावर जाऊन ओरडला, रवीनं दोघातिघांना ढकललं. चार माणसं मागं सरली की आठ पुढं यायची. कोणी गोदामाच्या पत्र्यावर दगड मारून पाहिला. आतून एक घरघर आली आणि लोक हसत मागं पळाले, पुन्हा पुढं आले.

मग नारायणरावांनी फोन उचलणं बंद केलं.

पत्र्याच्या छताखाली, बंद खोलीत, त्या उन्हात. शेखरनं पुन्हा पुन्हा फोन लावला. घंटी वाजत राहिली. गर्दीतून कोणीतरी म्हणालं, "घुस्या हाये ना इथंच." दुसऱ्यानं ते उचललं. थोड्याच वेळात ज्यांना त्या नावाचा अर्थ माहीत नव्हता तेही तेच म्हणू लागले.

माणसांनी त्याच्यापुढे वस्तू धरल्या. कुऱ्हाड, भाला, एकानं घरून जाड गोधडी आणली. रवीनं आपलं हेल्मेट काढून त्याच्या डोक्यात घातलं. शेखरनं ते घालून मान इकडंतिकडं वळवली आणि काढून परत दिलं.

"यात आयकू येत नाही बे."

"आयकू नको येऊ दे. डोक्यात राहू दे," रवी म्हणाला.

शेखरनं ऐकलं नाही. त्यानं कुऱ्हाडही नाकारली, गोधडीही. किराणा दुकानातून लग्नसराईतले उरलेले दोन सुतळी बॉम्ब आणवले, एक बॅटरी घेतली, एक वेळूची काठी. हात मोकळे, पाय मोकळे. मग त्यानं अनुपमाला फोन केला.

ती घरी सातवीच्या मुलांना शिकवत होती. फोनमधून आधी तिला गर्दीच ऐकू आली.

"काय करायलास तू?" तिनं विचारलं.

"नारायणराव गोदामात अटकले. अस्वल हाये आत. थे फोन उचलून नाही राह्यले."

"फॉरेस्टवाले येऊ दे. थांब."

"अनुपमा, मी जातोच हावो. तू सरकीची उरलेली ढेप आणाले गेल्ती तिथं, तुले आतलं माहीत हाये. फक्त कोणीकडून जाऊ थे सांग."

समोर मुलं वह्यांत मान घालून बसली होती. तो जाणार हे तिला माहीत होतं. वर्षानुवर्षं माहीत होतं. ती उठून ओट्याकडे गेली आणि सांगू लागली. मोठ्या दारानं जाऊ नको. उजव्या अंगाला लहान दार आहे, तिथून काट्याची खोली जवळ पडते. मोठ्या दारात एकही माणूस उभा राहू देऊ नको, त्याला पळायला तेवढीच जागा आहे. ती नेहमीसारखीच बोलत होती, तुटक आणि सरळ, आणि तिच्या आवाजात काहीच कापत नव्हतं. पुढं कित्येक महिने तिला त्या आवाजाचीच भीती वाटत राहिली.

शेखरनं रवीला मोठ्या दारापुढची माणसं हटवायला धाडलं. फोन चालूच ठेवून खिशात टाकला आणि लहान दार लोटलं.

आत अंधार, आणि जुन्या सरकीचा आंबूस वास. त्यानं पहिला बॉम्ब पेटवून पलीकडच्या कोपऱ्यात भिरकावला. खेळात फ्लॅश फुटला की आतला माणूस जागच्या जागी आंधळा होऊन उभा राहतो. अस्वल उभं राहिलं नाही. ते उजेडाकडे धावलं, मोठ्या दाराकडे. रवी तिथं ओरडून ओरडून घसा फोडत होता, पण दारात अजून माणसं होती, मोबाईल वर धरलेली. ती किंचाळली. अस्वल जागच्या जागी फिरलं. गोदामात आता उजेडाची एकच दुसरी जागा होती, आणि तिथं शेखर उभा होता.

त्यानं बॅटरी मारली. झोतात त्याला दोन डोकी दिसली, एकावर एक. दोन अस्वलं आहेत, असं त्याला वाटलं. ती आई होती, आणि तिच्या पाठीवर काळ्या केसांत बुडून, बाहेर कोणालाच न दिसलेलं पिल्लू केस घट्ट धरून बसलेलं होतं. ते काय आहे हे कळायला त्याला जेवढा वेळ लागला, तेवढा पुरला.

रवी कुऱ्हाड घेऊन धावत आला, पत्र्यावर कुऱ्हाड बडवत. अस्वलीण शेखरला सोडून लहान दारातून बाहेर पडली आणि पिल्लासकट पलीकडच्या कपाशीच्या वाळल्या पऱ्हाटीत दिसेनाशी झाली. काट्याच्या खोलीत नारायणराव बेशुद्ध सापडले. पाणी मारल्यावर त्यांनी डोळे उघडले. शेखरच्या शर्टाच्या खिशातला फोन तोपर्यंत चालूच होता. घरी ओट्याला टेकून अनुपमानं सगळं ऐकलं होतं. पहिला धमाका, गर्दीची किंकाळी, आणि त्यानंतरचं. शिकवणीची मुलं कधी उठून गेली ते तिला कळलं नाही.

अकोल्याच्या दवाखान्यात त्याचा उजवा डोळा काढावा लागला. गाल आणि जबडा शिवून, तारेनं बांधून जोडला. डॉक्टर म्हणाले, अस्वल नेहमी तोंडावरच येतं. हेल्मेट असतं तर, असं ते म्हणणार होते, पण रवीचा चेहरा पाहून थांबले.

जबडा उघडल्यावर शेखर बोलू लागला, पण ओठ मिटून करायची अक्षरं त्याला नीट येईनात. मोटार हा शब्द तो वोटार असा म्हणायचा. गावात तोवर त्याचा व्हिडिओ झाला होता. कोणीतरी त्यावर खेळातलं संगीत चढवलं होतं, खाली घुस्या हे नाव लिहिलं होतं, आणि ज्या ठिकाणी तो पडतो तिथं खेळातल्यासारखी लाल अक्षरं टाकली होती. लाखो लोकांनी तो पाहिला. पाहुणे दवाखान्यात यायचे तेही आधी बाहेर उभं राहून तो पाहून यायचे.

नारायणराव भेटायला आले, शेखरचा हात धरून बसले आणि उठून गेले. सत्यभामाबाईंना मात्र कुठूनसं फोनचं कळलं होतं. त्या सुनेला एवढंच म्हणाल्या, "वाट तूच दाखोली त्याले." सासूबाईंनी पुन्हा तो विषय काढला नाही, पण तिच्या हातचा चहा घेणं काही दिवस सोडलं.

पावसाळ्यात एका दुपारी, दोघंच घरात असताना, अनुपमानं त्याला विचारलं. "मी काहीच सांगितलं नसतं तर?"

"तं सवोरून गेलो असतो," शेखर म्हणाला.

एवढंच. त्यात तिची सुटका होती की नव्हती, हे तिला ठरवता आलं नाही. तिनं मोबाईलमधून खेळ काढून टाकला. त्यानंही काढला, किंवा तसं तिला सांगितलं.

दसऱ्याच्या सुमारास त्यानं दुकान पुन्हा उघडलं. एका डोळ्यानं बारीक तार भरायला वेळ लागायचा, पण गिऱ्हाईक थांबायचं. त्याच दिवसांत अस्वलीण पुन्हा दिसू लागली, आता पिल्लू मोठं झालेलं. आणि एका सकाळी खतांच्या दुकानात कामाला असलेला हरिओम आपल्या तीन मित्रांना घेऊन शेखरकडे आला. विशीबाविशीतली पोरं. त्यांनी गट केला होता आणि गटाला शेखरचं नाव दिलं होतं. मोटारसायकलींवर भाले बांधलेले, पिशवीत बॉम्ब, एकाच्या छातीवर कॅमेरा. डोंगराच्या पायथ्याशी जाऊन अस्वलीण हुसकून लावायची, आणि ते दाखवायचं. त्यांना त्याचा आशीर्वाद हवा होता.

शेखरनं सांगितलं, जाऊ नका. त्याचे शब्द फुटके निघाले, पण पोरांना कळले. ती आदरानं उभी होती.

"आमी तं जाऊनच राह्यलो भाऊ," हरिओम म्हणाला. "तुमी फक्त सांगा, कसं जाऊ."

शेखरनं हातातली तार खाली ठेवली. वारा कोणीकडून येतोय ते आधी पाहा, तो म्हणाला. चौघांनी एका रांगेत चालू नका. अस्वलाच्या आणि झाडीच्या मधे कोणी उभं राहू नका. पोरं पुढं वाकली. तो जमिनीवर बोटानं रेघ ओढू लागला, आणि ओढता ओढता त्याचं बोट थांबलं. त्या सकाळी ओट्याशी उभं राहून अनुपमानं काय केलं होतं, ते त्याला तेव्हा कळलं. कसं जायचं ते सांगितलं, म्हणजे जा म्हटलं.

तो उठला. आलोच, म्हणाला. बाहेर आला आणि दोन्ही हातांनी शटर ओढून खाली पाडलं, कुलूप लावलं. आत आधी हसणं झालं, मग हाका, मग पत्र्यावर मुठींचे दणके. शेखरला मोठ्यानं बोलता येत नव्हतं. तो स्टूल ओढून शटरपुढे बसला आणि इंद्रभानला फोन लावला. रस्त्यानं जाणारे थांबून पाहू लागले. एकानं मोबाईल वर धरला. शेखरनं त्याच्याकडे नुसतं पाहिलं, त्या फाटलेल्या चेहऱ्यानं, आणि त्यानं मोबाईल खाली केला.

इंद्रभान आला. भाले आणि बॉम्ब जप्त केले, पोरांना दम दिला, पुन्हा जंगलाच्या हद्दीत दिसलात तर गुन्हा दाखल करीन म्हणून सांगितलं. पोरं घामानं थबथबलेली बाहेर आली. बाकीचे खाली मान घालून गेले. हरिओम शेखरपुढे थांबला.

"किती दिवस कोंडसान, भाऊ?" त्यानं विचारलं. त्याच्या आवाजात राग नव्हता. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.

त्या दिवशी शेखरनं घरी येऊन अनुपमाला सगळं सांगितलं, रेघ ओढल्याचंसुद्धा. ती जेवायचं वाढता वाढता ऐकत राहिली. मग तिनं ताट बाजूला सारलं आणि त्याच्याजवळ येऊन बसली. लग्नानंतर पहिल्यांदाच सत्यभामाबाई समोर असताना ती त्याला 'तू' म्हणाली. पुढं काय म्हणाली ते म्हातारीला ऐकू गेलं नाही, पण तो 'तू' ऐकून ती उठून आतल्या खोलीत गेली.

पोरं आता दुकानात येत नाहीत. इंद्रभाननं दोनदा त्यांना वनखात्याच्या नाक्यावरून परत पाठवलं, तेव्हापासून ती नाका टाळून शेतांच्या वाटेनं जातात. गटात आता दुसऱ्या गावचीही पोरं आहेत. शेखर दुकानात बसून तार भरत असतो. मोटारसायकली डोंगराकडे गेल्याचा आवाज आला की त्याचा हात थांबतो, आणि त्या परत आल्याचा आवाज येईपर्यंत तो तारेचा वेढा पुरा करत नाही. आजवर गेलेले सगळे परत आले आहेत.